उजवी काख

‘जरा लांब बस गं, काखेचा वास मारतोय,’ हे वाक्य भर दुपारी, सांडपाण्यावरच्या परिषदेत, सगळ्या सभागृहाच्या कानांत गेलं. बोलला माझा जोडीदार आणि बोलला तो मला. पण आमच्या धंद्यात कोण बोललं आणि कोणाला बोललं हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. आम्ही दोघं दुभाषी. सभागृहाच्या मागच्या भिंतीला उंचावर एक काचेची खोली असते, तिला आम्ही बूथ म्हणतो. आत दोन खुर्च्या, दोन माइक, एक टेबल, आणि दोघांना पुरेल की नाही अशी शंका यावी इतकीच हवा. खाली व्यासपीठावर कोणी परक्या भाषेत बोलायला लागलं की आम्ही ते त्याच दमात आपल्या भाषेत बोलत सुटायचं, आणि लोकांनी हेडफोन लावून आम्हाला ऐकायचं. अर्धा तास एकाने, अर्धा तास दुसऱ्याने. ज्याची पाळी नसते त्याने नुसतं बसायचं नसतं. आकडे आले की ते कागदावर लिहून जोडीदारापुढे धरायचे, कारण बोलता बोलता आकडे डोक्यात ठरत नाहीत. मी तेच करत होते. वक्ता गटारांचे व्यास आणि वाहत्या पाण्याचे लिटर अशा वेगाने ओतत होता की मी माझ्या खुर्चीतून अर्धी उठले होते आणि उजवा हात लांब करून जोडीदाराच्या नाकासमोर लिहीत होते. त्याने खोकल्याचं बटण दाबलं. ते दाबून धरलं की माइक तेवढ्यापुरता मुका होतो, मग खोका, शिंका, शेजारणीला दोन शब्द सुनवा, बाहेर काही जात नाही. म्हणजे त्याला वाटलं की त्याने ते दाबलं. त्याने त्या बटणाच्या शेजारचं दाबलं होतं.

आता आमचा एक नियम आहे. वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ वगैरे शेपूट लावायचं नाही. त्यामुळे मी आजवर मंत्री झाले आहे, खाणीतला मजूर झाले आहे, एकदा कोर्टात उभं राहून ‘मी तिला मारलं नाही’ असं एका दाढीवाल्या माणसाच्या वतीने इतक्या कळवळून सांगितलं की घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तर सभागृहाला वाटलं, वक्ताच बोलला. आणि वक्त्याच्या शेजारी बसल्या होत्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या, अर्ध्या शहराचे नळ ज्यांच्या हुकमावर वाहतात अशा. त्यांच्या कानाला हेडफोन होता. त्यांनी वक्त्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही, फक्त स्वतःची खुर्ची उचलून हातभर लांब नेली, आणि मान किंचित खाली करून स्वतःच्या खांद्याचा वास घेतला. एवढी मोठी बाई. क्षणभरसुद्धा तिच्या मनात आलं नाही की हा माणूस उद्धट आहे, किंवा खोटं बोलतोय. तिने सरळ स्वतःलाच हुंगलं. मला वरून काचेतून ते दिसलं, आणि त्या हालचालीत मला काहीच नवीन नव्हतं. मग जोडीदाराच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले आणि नियमाप्रमाणे जे म्हणायचं ते तो म्हणाला, ‘दुभाष्याकडून क्षमस्व. मागचं वाक्य वक्त्याचं नव्हतं.’ झालं, वक्ता सुटला. पण सगळी सभा मान वळवून बूथकडे बघायला लागली. काचेत माणसं दोन, त्यातला एक पुरुष, आणि वाक्यात ‘गं’ होतं. हिशेब करायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. कोणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. हसणाऱ्याचं मला काही वाटलं नाही. ती सुटका मात्र लागली.

पाच-दहा मिनिटांत माझी पाळी आली आणि मी माइक घेतला. सांडपाणी उरलं होतं ते सगळं मी नीट वाहवलं, एक लिटर इकडचा तिकडे झाला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई म्हणूनच सांगते.

तर माझ्या काखेला वास येतो. आडपडदा कशाला? मी रोज दोनदा आंघोळ करते, कपडा एकदा घातला की धुवायला टाकते, आणि तरी दुपार कलली की तो येतो. जिरं भाजायला ठेवून विसरल्यावर येतो त्यातला थोडा, ओल्या लोखंडाचा थोडा, आणि तळाशी काहीतरी गोडसर, ज्याला मला आजवर नाव सापडलेलं नाही. शब्द शोधण्यावर पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या वासाला शब्द सापडू नये ही गंमतच. तो चांगला आहे असं मी म्हणत नाही. तो मोठा आहे. काही माणसांचा आवाज मोठा असतो, खोलीत शिरायच्या आधी शिरतो, तसा हा. वयात येताना तो आला, एका उन्हाळ्यात, आधी मला वाटलं आईच खोलीत आली आहे. मागे वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. आई शाळेत खेळाच्या बाई होती, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि दिवसभर उन्हात मुलींना पळवायचं काम. संध्याकाळी घरी येऊन ती न्हाणीघरात जायच्या आधी मी तिच्या कुशीत घुसायचे आणि ती मला ढकलायची, ‘आधी मला धुऊन तर येऊ दे.’ मी ऐकायचे नाही. तापात मला औषधाने झोप लागायची नाही, तिच्या दंडाखाली नाक खुपसलं की लागायची. आणि तीच आई रात्री ब्लाउजच्या काखेत कापडाचे अर्धे चंद्र शिवत बसायची, घाम बाहेर दिसू नये म्हणून. तुरटी फिरवायची, लिंबू चोळायची, सोडा लावायची, त्याने कातडी सोलवटून हात शरीरापासून लांब धरून चालायची. मैदानावरच्या मुली तिला मागून काय म्हणायच्या ते मला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही मला माहीत होतं. शिट्टी मात्र ती अशी फुंकायची की सगळ्या पोरी दचकून रांगेत.

मी पुढे तेच सगळं केलं, फक्त बाटल्या बदलल्या. फवारे, गोळे, पावडरी, काळ्या कपड्यावर पांढरे डाग आणि पांढऱ्यावर पिवळे. बूथमध्ये अत्तर लावून यायचं नाही असा आमचा आणखी एक दंडक आहे, बंद जागेत दुसऱ्याचं डोकं चढतं म्हणून, आणि तो मी पाळते. म्हणजे माझ्या हातात झाकायला काही उरत नाही. नवरा होता तेव्हा त्याला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ‘सवय होते.’ पुढे वेगळे झालो तेव्हा, सामान बांधून दारात उभं राहून त्याने मला आश्वासन दिलं, ‘वासाचं काही नव्हतं गं. तू हट्टी आहेस.’ मला त्या दिवशी रडायचं होतं आणि मी फसकन हसले. हट्टी आहे ते खरंच आहे.

परिषद संपल्यावर प्रमुखबाईंनी बोलावलं. कोणाला कुठल्या बूथमध्ये बसवायचं हे त्या ठरवतात. त्या वाईट नाहीत, माझ्याशी नेहमी हसून बोलतात, आणि त्या दिवशी जरा जास्तच हसून बोलल्या. चहा मागवला. मग म्हणाल्या, ‘हे बघ, मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाही.’ ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट कोणीही ओळखावा. ‘पण तो म्हणतोय त्याला त्रास होतो. आणि आता सगळ्यांनीच ऐकलंय. तू असं का नाही करत, घरून काम कर. कॉम्प्युटरवरून आजकाल कितीतरी जण करतात. तुझा आवाज काय, घरूनही तितकाच चांगला येईल.’

‘आणि बूथ?’

‘बूथ पाहिजे तर मग त्या... त्याचं काहीतरी करून घे. आजकाल उपचार असतात म्हणे, कापाकापी नाही, काही नाही. माझ्या हातात नाही गं.’ असं म्हणून त्यांनी काखा वर केल्या. म्हणजे बोलण्यापुरत्या. त्यांच्या काखा वर केल्या तरी चालतात.

घरी येताना मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत आले. बंद बसमध्ये हात वर करून दांडी धरायची माझी छाती झाली नाही. इतकी वर्षं धरत होते. चालता चालता मला समजून घ्यायचं होतं की नेमकं काय टोचलं. घरून काम करण्यात वाईट काय? आयत्या वेळी गाडी पकडायला नको, ताठ कपडे नकोत. पण बूथमधून मला वक्त्याची मान दिसते. माणूस खोटं बोलायच्या आधी पाणी पितो, रडू यायच्या आधी कागद सरळ करतो, ते दिसतं आणि माझं वाक्य आधीच वळायला लागतं. पडद्यावर नुसतं तोंड दिसतं. हे एक. आणि दुसरं, जे मी प्रमुखबाईंना सांगितलं नाही कारण तेव्हा सुचलं नाही. माझा आवाज दिवसभर भाड्याने दिलेला असतो. ‘मी’ म्हणते ती मी कधीच मी नसते. त्या काचेच्या डब्यात दिवसभरात माझं स्वतःचं असं जे काही असतं ते एवढंच, घामाबरोबर येणारं. त्यांना भाड्याचा भाग हवा होता आणि मालकीण नको होती. हे कळल्यावर मला राग आला, चांगला सणसणीत, पायापासून. आणि रागाने मला घाम येतो.

रात्री जोडीदाराचा निरोप आला. ‘वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या भल्यासाठीच.’ खाली एका दवाखान्याची जाहिरात. एक बाई दोन्ही हात वर करून हसत होती, कोणी पिस्तूल रोखल्यावर माणूस हसला तर कसा दिसेल तशी. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसले आहे. तो पाळी नसताना खडीसाखर कुडूमकुडूम फोडतो, जेवणानंतर त्याचं पोट गडगडतं ते माइकलासुद्धा ऐकू जातं, आणि त्याची आई गेली त्या आठवड्यात त्याचा आवाज मधेच बसला तेव्हा मी न सांगता त्याचं वाक्य अर्ध्यातून उचललं होतं, खाली कोणाला पत्ता लागला नाही. त्याने मला कधीतरी बाहेर, चहा पिताना, तोंडावर सांगितलं असतं तर? मी भांडले असते. पण ते भांडण माझं असतं, सभागृहाचं नसतं.

आई म्हणाली, ‘करून टाक.’ मी तिला फोनवर सगळं सांगितलं ते तिने माझ्याबरोबर चिडावं म्हणून, आणि ती म्हणाली करून टाक. ‘माझ्या वेळी असं काही असतं ना, मी धावत गेले असते. बूट न घालता.’

‘आई, अगं पण तो कोण सांगणारा?’

‘त्याला घाल चुलीत. तू तुझ्यासाठी कर. हे बघ, मी आयुष्यभर कोणाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला नाही. मुली जिंकल्या, ढाल आणली, सगळ्या मला उचलायला धावल्या आणि मी शिट्टी वाजवून त्यांना थांबवलं. लोक म्हणाले, बाई कडक आहेत. कडक कसली डोंबलाची.’ मग जराशाने, ‘मी येते बरोबर.’

आईच्या या बोलण्यापुढे माझा राग लंगडा पडला. मी गेले. डॉक्टर तरुण होती, हातमोजे घालायच्या आधी तिने हातावर हात चोळून गरम केले, हे मला आवडलं. तिने कुठेही नाक मुरडलं नाही. तिने मला विचारलं, ‘कानातला मळ ओला असतो की कोरडा?’ मला वाटलं थट्टा करतेय. ओला, म्हटलं. ‘आणि आईंचा?’ बाहेर जाऊन मी आईला विचारलं, आई म्हणाली, ‘हे काय विचारणं झालं? ओला.’ डॉक्टर म्हणाली, मग घराण्यातूनच आलंय, मळ आणि काखेतल्या ग्रंथी एकाच वाटेने येतात. घामाला स्वतःचा वास नसतो, कातडीवरचे जंतू त्यावर जेवतात आणि वास येतो. म्हणजे माझ्या काखेत रोज पंगती उठत होत्या. उपाय तिने समजावून सांगितले. सुया टोचून ग्रंथी काही महिने झोपवता येतात, मग पुन्हा टोचा. छोटं भोक पाडून आतून खरवडून ओढून काढता येतात. किंवा हे यंत्र, वरूनच ठेवायचं, कातडी वर खेचून धरतं, वरचा थर थंड ठेवतं आणि खालच्या ग्रंथी उष्णतेने जाळून टाकतं. कापणं नाही, टाके नाहीत. सूज येईल, काही दिवस गाठी लागतील, केसही बरेचसे जातील. ‘आणि गेलेल्या ग्रंथी परत येत नाहीत,’ ती म्हणाली. हे तिने चांगली बातमी म्हणून सांगितलं. मग तिने काखेला आयोडिन लावून वर पिठासारखी पावडर भुरभुरवली आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो. हळूहळू जिथे घाम तिथे निळंकाळं उमटत गेलं, आधी ठिपके, मग बेटं, मग सगळा प्रदेश. आरशात मी हात वर करून बघत राहिले. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट पहिल्यांदाच दिसत होती, आणि खरं सांगते, ती घाण वाटली नाही. ती गजबजलेली वाटली, वस्ती असावी तशी.

उपचाराच्या दिवशी मी पाठीवर पडले, हात डोक्यामागे. परिचारिका गोलगुबरी, गप्पिष्ट, हाताला हलकी. तिने काखेवर शाईच्या रेघोट्यांची जाळी उमटवली आणि डॉक्टरने त्या जाळीवर बधिर करायच्या सुया टोचल्या. पहिल्या दोन-चार लागल्या, मग आपली काख आपली राहिली नाही. यंत्र चिकटलं, ओढलं, गुणगुणलं, थांबलं, एक घर पुढे सरकलं. छताला एक पांढरा चौकोनी दिवा होता. मी त्याच्याकडे बघत पडून होते आणि काही जाणवत नव्हतं, आणि तेच भयंकर वाटत होतं. एखादी गोष्ट जाळतायत आणि धूर नाही, आवाज नाही, वास तर नाहीच. मला तापातली ती झोप आठवत होती. मनात आलं, मूल झालं नाही मला ते बरंच, नाहीतर त्याने आता नाक कुठे खुपसलं असतं? मग स्वतःलाच दटावलं, पुरे, रडगाणं नको, आईचा तो न काढलेला फोटो आठव. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आईला हे हवं होतं ते खरं, आणि मला त्याच आईत नाक खुपसून झोप लागायची तेही खरं. यंत्र त्यातलं एकच ऐकत होतं. डावी बाजू संपली. डॉक्टर उठून बाहेर गेली, हात मोकळे करायला. परिचारिकेने बर्फाची पिशवी लावली, माझा दंड थोपटला, आणि अगदी मायेने म्हणाली, ‘अर्धं झालं हो ताई. आता ही दुसरी झाली की सुटलात. माणसांत आलात.’

मी म्हटलं, ‘काय?’

‘म्हणजे बिनधास्त, कुठेही उठा, कुठेही बसा. माणसांत आल्यासारखं.’

‘आणि आत्तापर्यंत मी कुठे होते?’

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. तिचा काही दोष नव्हता, सगळे असंच बोलतात, मीसुद्धा बोलत असेन. पण मी उठून बसले. डावा हात लाकडासारखा झाला होता, तो दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. डॉक्टर परत आली तेव्हा मी कुडत्यात डोकं घालायच्या खटपटीत होते. ‘चक्कर आली का?’ तिने विचारलं. नाही म्हटलं. ‘दुखतंय?’ नाही. ‘मग?’

‘उजवी ठेवायची आहे.’

‘ठेवायची म्हणजे? पुढच्या वेळी करू या का?’

‘पुढच्या वेळी नाही. ठेवायची.’

डॉक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘अर्धवट करून काय उपयोग? मी तुम्हाला खरं सांगते, एका बाजूचा वास तसाच येणार.’

‘म्हणूनच,’ मी म्हटलं. तिने पुन्हा समजावलं, मग थांबली, मग कुडत्याची बाही माझ्या बधिर हातावर स्वतः चढवून दिली. बाहेर आई बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर. मी सांगितलं तशी ती पेटलीच. ‘एवढ्या सुया टोचून घेतल्यास आणि अर्ध्यातून उठलीस? लहानपणी जेवणावरून उठायचीस तशी? लोक काय म्हणतील, एका बाजूने माणूस आणि एका बाजूने कोण?’ बसमध्येही ती खिडकीबाहेर बघत धुसफुसत होती. औषध उतरत होतं आणि डावीकडे ठणका सुरू झाला होता. बऱ्याच वेळाने ती खिडकीकडेच बघत म्हणाली, ‘कुठली ठेवलीस?’

‘उजवी.’

‘माझीही उजवीच जास्त होती,’ ती म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, तोंडावर पर्स धरून, आणि मलाही हसू फुटलं, आणि हसताना डावी काख अशी ठणकली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या माणसाने जागा बदलली. बदलू दे.

सूज उतरल्यावर मी परिषदेच्या इमारतीत गेले. बूथकडे चढणाऱ्या जिन्यातच प्रमुखबाई भेटल्या. ‘झालं?’ त्यांनी डोळे मोठे करून विचारलं.

‘झालं. अर्धं.’

‘अर्धं म्हणजे?’

‘डावी झाली. उजवी ठेवली.’

‘ठेवली? कशाला?’

‘माझी आहे म्हणून.’

त्यांना हसावं की चिडावं कळेना. त्या म्हणाल्या, ‘हे बघ, तू मला अडचणीत टाकतेयस.’ मी म्हटलं, ‘टाकतेय. माझं काम वाईट असेल तर मला काढा, मी भांडणार नाही. काम चांगलं असेल तर मी इथे बसणार. घरी बसून नुसता आवाज पाठवणार नाही. ज्याला माझा त्रास होतो त्याने तसं मला सांगावं, मी ऐकून घेईन, किंवा त्याने दुसरी खुर्ची मागावी. मी मागणार नाही.’ हे सगळं मी एका दमात बोलले आणि बोलून झाल्यावर मला जाणवलं की किती दिवसांनी मी ‘मी’ म्हटलं आणि ते कोणाच्या वतीने नव्हतं. खाली घंटा वाजली. प्रमुखबाईंनी वाट सोडली. ‘आजच्या दिवस बस,’ त्या म्हणाल्या, ‘मग बघू.’ बघा, म्हटलं.

जोडीदार आत आधीच आला होता, दाराजवळच्या खुर्चीत, माझ्या उजव्या हाताला. मला बघून तो उठला आणि त्याचा चेहरा खरंच उजळला. ‘आलीस! झालं ना सगळं? मोकळी झालीस बघ.’ मी त्याला सांगितलं, जसं प्रमुखबाईंना सांगितलं तसंच. उजळलेला चेहरा हळूहळू विझला. ‘म्हणजे अजून येणार?’

‘घाम आला की येणार.’

‘मी त्या दिवशी चुकलो. बटण चुकलं.’

‘बटण चुकलंच. पण बटण बरोबर दाबलं असतं तरी तू तेच म्हणाला असतास. फक्त मला एकटीला ऐकू आलं असतं.’

त्याने हेडफोन कानाला लावला. खरं तर त्या क्षणी त्याने ‘हो’ म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं. तेवढ्यात खाली वक्ती बोलायला उभी राहिली आणि पहिली पाळी माझी होती. विषय समुद्रकिनाऱ्याच्या धुपीचा, बाई किरकोळ, आवाज लहान, पण बोलण्याचा वेग असा की वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. मी तिच्या मागे सुटले. ‘मी गेली वीस वर्षं हा किनारा मोजते आहे,’ ती म्हणाली आणि मी म्हटलं, आणि आम्ही दोघी मिळून तो किनारा मोजायला लागलो, वाळू, खडक, भरतीच्या रेषा, वाहून गेलेला रस्ता. काचेच्या आत हवा जड होत गेली. पाठीवर घामाची धार उतरली. डावीकडून काही आलं नाही, तिथे नुसती मऊ, मुकी कातडी. उजवीकडून मी आले. मी तो वास ओळखला आणि माझा आवाज जरासा खाली उतरून पक्का झाला, खालची डोकी हेडफोन कानाशी दाबून ऐकायला लागली. जोडीदाराने रुमाल नाकाशी नेला, मग कागद पुढे ओढला, आकडा लिहिला, माझ्यापुढे धरला. चांगला लिहिला, सुवाच्य. मग त्याने दुसरा हात मागे नेऊन दाराची मूठ हळूच फिरवली आणि दार वीतभर उघडलं. बाहेरून गार हवा आली, आणि तिच्याबरोबर जिन्यातली पावलं, कोणाचं तरी हसणं, कपांचा खणखणाट, सगळा कोलाहल माझ्या माइकपर्यंत आला. वक्तीचं एक वाक्य त्यात बुडता बुडता मी वर काढलं. मी बोलायची थांबले नाही. बोलता बोलताच अर्धी उठले, उजवा हात पूर्ण वर करून त्याच्या डोक्यावरून पलीकडे नेला, आणि दार ओढून लावून घेतलं.